पुष्पाताईंची खिडकी

बिअरच्या टाकीला पंचामृत भरवणारा माणूस सबंध नागपुरात एकच असेल, आणि तो मी आहे.

दसऱ्याला आपल्याकडे जिथं यंत्र दिसेल तिथं पूजा होते. रिक्षांना हार पडतात, शिवणयंत्राला कुंकू लागतं. आमच्या प्रतापनगरात एका गृहस्थानं एटीएमला झेंडू वाहिलेला मी स्वतः पाहिला आहे. मग मनीषनगरच्या रस्त्यावरच्या ब्रुअरीनंच काय घोडं मारलंय? ही ब्रुअरी म्हणजे मागे टाक्या आणि पुढे टेबलं. मागे बिअर तयार होते, पुढे बसून लोक ती पितात. तिथल्या कर्त्याधर्त्या पुष्पलता ढोबळे. माझ्या बायकोची, चारुशीलाची, भिशीतली मैत्रीण. त्यामुळे मी त्यांचा भाऊजी, आणि भाऊजी म्हणून पूजेचा मान माझा.

मी सोवळं नेसलो नाही एवढंच, बाकी काही कसूर ठेवली नाही. टाक्यांना हळदकुंकू लावलं. नळांच्या तोट्यांत फुलं खोचली. असं करत करत शेवटच्या टाकीशी आलो, तर तिच्यावरचं झाकण उघडं. बिअर शिजवून, थंड करून आत भरलेली होती, खमीर, म्हणजे यीस्ट, तेवढं टाकायचं होतं आणि ते आणायला पुष्पाताई आत गेल्या होत्या. टाकीतून संत्र्याच्या सालीचा असा सुंदर वास येत होता, की माझ्यातला भाविक जागा झाला. मी शिडीवर चढलो. पंचामृताची एक पळी आत सोडली. मग वाटलं, एवढी मोठी टाकी, एका पळीनं तिच्या दाढेला तरी लागेल का? वाटी उपडी केली.

पुष्पाताई परत आल्या तेव्हा मी शिडीवरच, वाटीसकट हात जोडून उभा.

"भाऊजी, वाटी रिकामी कशी?"

"नैवेद्य दाखवला."

"कोणाले?"

मी टाकीकडे बोट केलं. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या खमिराकडे. बोलल्या काहीच नाहीत. माझ्यावर आयुष्यात पुष्कळांनी तोंडसुख घेतलं आहे, त्याची मला सवय आहे. पण न बोलणाऱ्या बाईसमोर रिकामी वाटी घेऊन शिडीवर उभं राहून पाहा, म्हणजे कळेल.

पंचामृतात दही असतं. दही रात्रभरात काय करतं ते मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय तूप असतं, आणि तुपाचा थेंब पडला की बिअरचा फेस मेलाच. हे मला नंतर समजलं. त्यांनी आशेनं आठवडाभर वाट पाहिली. मग तोटी उघडली तर आतून जे आलं त्याला ताक म्हणावं तर ताकाचा अपमान होता. सगळी टाकी नालीत सोडली. मी तिथंच उभा होतो. नालीलासुद्धा माझ्याकडे पाहून तोंड वाकडं करावंसं वाटलं असेल.

ती दिवाळीची बिअर होती. आणि तिच्यावर पुष्पाताईंची खिडकी अवलंबून होती.

ही खिडकी काय प्रकार आहे ते कळायचं तर आधी बाई कळायला हवी.

पुष्पाताई सावनेरकडच्या. लग्न होऊन नागपुरात आल्या, नवरा लवकर गेला, मग बुटीबोरीच्या एका सरबताच्या कारखान्यात कामाला लागल्या. बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी सरबत चाखून पास-नापास करणाऱ्या टेबलाशी बसल्या. तिथं त्यांची जीभ तयार झाली. चवीची आणि बोलायची, दोन्ही. पुतण्या हर्षित यानं ब्रुअरी काढायचं ठरवलं तेव्हा पैसा त्याचा होता आणि बिअर करणारा बाबू पुण्याहून आणला होता. त्या बाबूनं नागपूरचा एक उन्हाळा पाहिला आणि मे संपायच्या आत पुण्याला गेला तो गेलाच. "मोठा तज्ज्ञ होता," पुष्पाताई सांगतात, "पण घामात विरघळला." त्याच्या हाताखाली त्या महिनाभर नुसत्या पाहत होत्या. पुढच्या महिन्यात त्यांनी पदर खोचला, रबरी बूट चढवले आणि शिडीवर चढल्या. अजून उतरल्या नाहीत. पहिली टाकी बिघडली, दुसरी बरी, तिसरीनंतर हर्षित त्यांना भागीदार म्हणायला लागला.

लोक मला विचारतात, तुम्ही पेपरच्या पुरवणीत लिहिता, सांगा बघू, पाहायला जावं अशी ब्रुअरी कोणती? (लोक म्हणजे संपादक. बाकीचे लोक मला काही विचारत नाहीत.) मी माझी विद्वत्ता जमवून ठेवली होती. बिअर करणारा माणूस समोर दिसला पाहिजे, फरशी अशी हवी की चप्पल चिकटणार नाही, पहिल्यांदा आलेल्याला छोट्या पेल्यात चाखायला द्यायला हवं, वगैरे. वासाचं तर मी खास वर्णन केलं होतं: बिअरचा सातू, म्हणजे बार्ली, गरम पाण्यात भिजतो तेव्हा कुरडयांचा चीक शिजताना येतो तसा वास यावा, तो आला की डोळे मिटून आत जावं. हे सगळं मी पुष्पाताईंना वाचून दाखवलं.

"बायकायचं संडास साफ हाये का, ते काहून नाई लिहिलं?" त्या म्हणाल्या.

"लिहितो."

"आन डोळे मिटून काहून जावं? डोळे उघडे ठेवून जावं. रस्त्यावरच्यानं आतला पायला पायजे आन आतल्यानं रस्त्यावरचा. बास. बाकी मंग जमते."

त्यांच्या ब्रुअरीला रस्त्याच्या बाजूनं भिंतच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत काच. काचेला लागून टेबल. बाहेरून जाणाऱ्याला आतल्याच्या ताटलीतले शेंगदाणे मोजता येतील इतका उजेड. ही त्यांची खिडकी, आणि त्या खिडकीपायी धंदा बसायची वेळ आली होती. कारण उघड आहे. आमच्यासारखी माणसं, निवृत्त, शालीन, घरी रोज संध्याकाळी शुभंकरोती म्हणणारी, ती बिअर पीत नाहीत असं नाही. ती बिअर पिताना दिसत नाहीत. खिडकीतलं टेबल रिकामं, आणि मागे टाक्यांच्या आड, खांबाच्या सावलीत, जिथं पंखासुद्धा पोचत नाही तिथं माणसं घाम पुसत खुर्चीला खुर्ची लावून बसलेली. त्यात मी. नागपुरात एक सोय आहे, ऊन-धुळीच्या नावाखाली पुरुषानंही दुपट्टा तोंडाला गुंडाळला तर कोणी विचारत नाही. मी दुपट्ट्यातून येत असे आणि दुपट्ट्यातून जात असे. सुनेला, मुग्धाला, सांगत असे की बँकेत केवायसीला चाललो. बिचारी एकदा म्हणाली, "बाबा, तुमची बँक तुम्हाला ओळखायलाच तयार नाही का हो?"

खिडकीत बसणारी एकच व्यक्ती होती. पुष्पाताई स्वतः. दुपारी काम आटोपलं की अर्धा ग्लास घेऊन त्या काचेशी बसत, चहा प्यावा तशा, रस्त्याकडे पाहत. भाजीवाल्या हात करत. या हात करत.

हर्षित वाईट मुलगा नाही. पण टाकी नालीत गेली त्या दिवशी त्याचा धीर सुटला. "काकू, आता बस. काचेले काळी फिल्म लावून टाकू. लोकायले लपाले जागा पायजे. उजेडात कोण पिते?"

"मी पिते."

"तुमच्या अर्ध्या गिलासावर धंदा चालते का, काकू?"

हे खरं होतं आणि ते खरं व्हायला मी वाटीभर हातभार लावला होता. मी खांबाआडून म्हणालो, "नुकसान माझ्यामुळे झालंय, मी भरून देतो."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा खांबाआड गेलो.

शेवटी ठरलं ते असं: एक रविवार. दिवाळीआधीचा रविवार खिडकीतलं टेबल भरलेलं राहिलं तर काच तशीच ठेवायची. रिकामं दिसलं तर हर्षित फिल्मवाल्याला घेऊनच येणार.

तो गेल्यावर पुष्पाताई खांबाशी आल्या. "भाऊजी, भरून देता म्हणता ना? पैसे नको. रविवारी तुमी खिडकीत बसा. तुमी बसले का तुमच्यासारखे धा बसतीन."

"मी? अहो, पण..."

"पण काय?"

मी म्हणालो, आमच्याकडे अजून पद्धत नाही, सूनबाई नवीन आहे, कॉलनीतले लोक... असं बरंच काही म्हणालो. त्या ऐकत उभ्या राहिल्या. मग समोरची खुर्ची ओढून बसल्या. पुढचं त्यांनी मला सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो, कारण माझे शब्द त्याच्या जवळपास जात नाहीत.

"आमच्या गावात एक दारूचं दुकान होतं. दाराले पोत्याचा पडदा. माय मले म्हने, जा वं, बापूले बोलाव जेवाले. मी लहानशी. पडदा उचलला का आत अंधार. आन मी पडदा उचलला रे उचलला, का आतले सगळे मानसं तोंड भिताडाकडं फिरवत. सगळ्यायच्या पाठी. एका दिवशी मी म्हटलं, बापू, चाला, भाकर थंडी होऊन राहिली. कोनीच वळलं नाई. माहा बापूई नाई वळला. पन त्याच्या सदऱ्याले पाठीवर ठिगळ होतं, मायनं लावलेलं. तोंड लपवता येते भाऊजी, पाठ कशी लपवता? मी त्या ठिगळाकडं पायत उभी. त्यानं काई वळून पायलं नाई. मंग मी घरी गेली, मायले म्हटलं, बापू नाई तिथं."

मग त्या म्हणाल्या, "तो पेत होता याचा राग नाई मले. हर्षितले काय समजते? तो म्हनते फिल्म. मले पोत्याचा पडदा दिसते."

यानंतर मी नाही म्हणणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "येतो. उघड्या तोंडानं येतो."

रविवारी मी दुपट्ट्यातच गेलो. रस्त्यात ऊन होतं, आणि ऑक्टोबरचं ऊन फार वाईट असं आमच्याकडे डॉक्टरसुद्धा सांगतात. पुष्पाताई दारातच उभ्या.

"सोडा ते. तोंडच तर पायजे आज."

मी सोडलं. खिडकीत बसलो. समोर ग्लास आला. काचेपलीकडे साक्षात नागपूर. मला पहिल्यांदाच कळलं की या रस्त्यानं माझ्या ओळखीची इतकी माणसं जातात. समोरच्या तर्री-पोह्याच्या गाडीवर आमच्या हास्यक्लबचे सुमंत पाठक सपत्नीक उभे होते. त्यांनी मला पाहिलं. चमचा तोंडाकडे जाताजाता थांबला. मी हात वर केला, तर त्या हातात ग्लास होता. मग मी चेहऱ्यावर असा भाव आणला की हे सफरचंदाचं सरबत आहे. सफरचंदाच्या सरबताला एवढा फेस असतो का, हा प्रश्न पाठकवहिनींच्या तोंडावर मला काचेतूनही वाचता येत होता.

तरी बसलो. खोटं कशाला सांगू, थोड्या वेळानं बरंही वाटायला लागलं. बिअरची चव मी इतके दिवस नीट घेतलीच नव्हती. खांबाआड माणूस पीत नाही, उरकतो. उजेडात तिचा रंग दिसला. जुन्या पितळेसारखा. पुष्पाताई शिडीवरून एकदा माझ्याकडे पाहून मान हलवून गेल्या. मला वाटलं, वाटीचं पाप निम्मं तरी फिटलं.

आणि मुग्धाची गाडी काचेसमोर येऊन थांबली.

ती फोनवर बोलत होती. पाय टेकवले, हेल्मेट काढलं, केस मागे सारले, आणि सहज म्हणून काचेकडे पाहायला मान वळवली. वळवू लागली. पुरी वळलीही नव्हती. तेवढ्यात मी काय केलं? मी विचार केलाच नाही. माझी खुर्ची आपोआप फिरली. माझं तोंड भिंतीकडे झालं. भिंतीवर एक अग्निशामक नळकांडं होतं, त्यावरच्या सूचना मी मन लावून वाचल्या. मग ग्लास उचलला, वाकलो, आणि टेबलांच्या मधून खांबाआड गेलो. माझी जुनी जागा. तिथल्यांनी मुकाट्यानं सरकून मला जागा दिली. कोणी काही विचारलं नाही. आमच्यात ते विचारत नाहीत.

खिडकी रिकामी झाली आणि दारातून हर्षित आत आला. मागे फिल्मवाला, खांद्यावर काळी गुंडाळी.

"काकू," हर्षित म्हणाला. त्याच्याही आवाजात आनंद नव्हता. "टेबल रिकामं हाये."

पुष्पाताई शिडीवर होत्या. तिथून त्यांना सगळं दिसतं. खिडकी दिसत होती, खुर्ची भिंतीकडे वळलेली दिसत होती, आणि खांबाच्या कडेनं बाहेर उरलेला मी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दसऱ्याच्या दिवशी पाहिलं होतं तसंच, पण त्या दिवशी माझ्या हातात निदान रिकामी वाटी तरी होती.

"लाव," त्या फिल्मवाल्याला म्हणाल्या.

मी उठायला हवं होतं. उठून चार पावलं चालायची होती. मला वाटतं मी अजून तिथं बसून उठायचा विचारच करतो आहे. फिल्मवाल्यानं काचेवर साबणाचं पाणी मारलं, पुसलं, वरून एक पट्टा सोडला. टेबलाचा अर्धा भाग काळोखा झाला.

दार उघडलं. मुग्धा आत आली, इकडेतिकडे पाहिलं, सरळ खिडकीतल्या टेबलाशी गेली, माझी भिंतीकडे वळलेली खुर्ची रस्त्याकडे वळवली आणि बसली.

"मॅडम, जरा उठा ना," फिल्मवाला म्हणाला, "काम चालू हाये."

"मी तर आत्ताच बसले," मुग्धा म्हणाली. "काम नंतर करा. आणि हे काय लावताय? रस्ता दिसत नाही यानं." मग मान न वळवता, घरात हाक मारते त्याच आवाजात: "बाबा, ग्लास घेऊन इकडे या. तिथं पंखा नाही."

खांबाआडची सगळी माणसं माझ्याकडे पाहायला लागली. मी ग्लास घेऊन निघालो. ती चार पावलं मला चालता आली, पण आता ती माझी नव्हती.

"कसं ओळखलंस?" मी विचारलं.

"हा शर्ट मीच आणलाय तुमच्या वाढदिवसाला," ती म्हणाली. "पाठमोरे वळलात तेव्हाच कळलं. झाली केवायसी?"

शिडीवरून काहीतरी खण्‌कन पडलं. पुष्पाताईंच्या हातातला पाना. त्या तो उचलायला खाली उतरल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.

यानंतर जे झालं त्यात माझं काही नाही. मुग्धानं छोट्या पेल्यातून सगळ्या प्रकारच्या बिअरची चव पाहिली, एक आवडली, दुसरी नावडली आणि पुष्पाताईंना तोंडावर तसं सांगितलं. बाहेरून पाठक पतिपत्नी रस्ता ओलांडून आले. वहिनी पुढे, पाठक मागे. "अहो, आम्ही कधीचे बाहेरूनच बघतो आहोत," वहिनी म्हणाल्या, "तुमची सूनबाई बसलेली दिसली, म्हटलं मग आपल्याला काय झालंय?" खुर्च्या ओढल्या गेल्या. मग खांबाआडचा एक जण, आपला घाम पुसत, जागा आहे का विचारत आला. हर्षित भरलेल्या टेबलाकडे पाहून फिल्मवाल्याला म्हणाला, "काढून घे गा. दिवाळीनंतर पाहू." काढताना पट्टा चर्रकन फाटला. टेबलावर ऊन पडलं.

सगळे आनंदात होते. मी शेंगदाण्यांची ताटली मुग्धापुढे सरकवली.

मी उठून मागे गेलो. पुष्पाताई रिकाम्या टाकीत पाण्याचा पाइप सोडून उभ्या होत्या. तीच टाकी, दसऱ्याची. तिच्यावर मी लावलेलं कुंकू अजून होतं. खिडकी वाचली होती, म्हणजे आता माफी मागायला हरकत नव्हती. आणि माफी मागायची तर माणूस आपल्या गुन्ह्यांतला सगळ्यात गोंडस गुन्हा निवडतो. मी आवाज जमेल तेवढा ओला केला. म्हणालो, "पुष्पाताई, ते पंचामृताचं मनाला फार लागून राहिलंय. मला माफ करा."

त्यांनी पाइप बंद केला. पाणी थांबल्यावर पुढच्या टेबलावरचं हसणं मागेपर्यंत ऐकू आलं.

"पंचामृताचं सोडा भाऊजी, तोंड काहून फिरवलं ते सांगा."